ह्वाछिंगची कोरडी कुंडं

लिनतोंगला बसमधून उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि मला एवढंच कळत होतं की आता कुठेतरी बसायला हवं. समोर लीशानचा हिरवागार डोंगर होता. ह्वाछिंगच्या जुन्या राजवाड्याच्या फाटकाबाहेर पिवळ्या टोप्या घातलेल्या शाळकरी मुलांच्या तीन रांगा होत्या. डाळिंबाच्या झाडांना लालभडक फुलं आली होती. माझी नणंद रुईमिन म्हणाली, "वहिनी, त्या झाडाखाली उभी राहा, फोटो काढते," आणि मी तिथल्या तिथे फुटपाथच्या कडेला बसले.

"अगं, उभी राहा म्हटलं."

"बसलेलीच काढ."

"खाली बसून? भीक मागतेयस असं दिसेल."

"दिसू दे."

तिनं फोन खाली केला. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या शेजारी न बसता तशीच उभी राहिली. रुईमिनला फुटपाथवर बसायची सवय नाही. श्यामेन या समुद्राकाठच्या शहरात तिच्या नवऱ्याचं टाइल्सचं मोठं दुकान आहे. तिच्या चपला पांढऱ्या होत्या आणि सकाळपासून पांढऱ्याच राहिल्या होत्या.

आमच्या सासूबाई गेल्याचा शंभरावा दिवस होऊन तीन दिवस झाले होते. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. डावी बाजू लुळी, आणि नंतर नंतर डोकंही गेलेलं. माझा नवरा शौशान मालगाड्यांच्या यार्डात कामाला, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. मी बेअरिंगच्या कारखान्याच्या खानावळीत होते, ती नोकरी पहिल्याच वर्षी सोडली. म्हणजे सगळं मीच केलं. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

रुईमिन दोन-तीन वर्षांतून एकदा यायची. आई गेली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचली. शंभराव्या दिवसाला मात्र वेळेवर आली. थडग्यापाशी आईसाठी कागदाचे पैसे जाळताना इतकी रडली की शौशानला तिला धरून आणावं लागलं. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन बसली. मी मुळा चिरत होते. बराच वेळ नुसती बघत राहिली, आणि मग म्हणाली, "वहिनी, तुला सरळ उभं राहताच येत नाही."

"येतं की. थोडा वेळ लागतो."

"तुला गरम पाण्याच्या झऱ्यात बसायला हवं. मी नेते तुला ह्वाछिंगला. बादशहाच्या राण्या जिथे बसायच्या, तिथे."

शौशान बाहेरच्या खोलीतून ओरडला, "जा की! नऊ वर्षांत तिआनशुईच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाहीस."

कुणी मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की तुम्ही दोघं भाऊ-बहीण जा कुठेतरी, आणि मला दोन दिवस दार लावून एकटीला झोपू द्या. पण कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी रुईमिननं बाजारातून दोन पोहण्याचे कपडे आणले. माझा मरून रंगाचा होता, कमरेला झालर लावलेला. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई. तो कपडा मी खुर्चीच्या पाठीवर टाकून नुसता बघत बसले.

फाटकातून आत गेलो. ओळखपत्र दाखवा, पिशवी मशीनमधून काढा, परत घ्या. पिशवी तपासणाऱ्या पोरीनं तो मरून कपडा बघितला आणि शेजारच्या पहारेकऱ्याला दाखवला. तो पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ होता.

"ताई, आंघोळीला आलात काय?"

"का? इथे करता येत नाही?" रुईमिननं विचारलं.

"राणीच्या कुंडात? मग हजार-बाराशे वर्षं आधी यायला हवं होतं. आता थोडा उशीर झाला."

मागच्या रांगेतले लोक हसले. रुईमिन लाल झाली. मला हसू आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. आत बसायला बाकं असतील का, हाच विचार माझ्या मनात होता.

बाकं होती, पण प्रत्येक बाकावर कुणी ना कुणी आधीच बसलेलं. तळ्याभोवती, पुलावर, पायऱ्यांवर माणसंच माणसं. जुन्या दरबारी पोशाखातल्या पोरी लांब बाह्या सावरत, केसांत प्लॅस्टिकची फुलं खोचून फिरत होत्या. त्यांच्या मागे त्यांचे फोटो काढणारे. कुठल्याशा खिडकीच्या काचेवरची, जुन्या बंडातली बंदुकीच्या गोळीची खूण बघायला म्हाताऱ्या माणसांची गर्दी लोटली होती. आम्ही त्या गर्दीत सापडलो आणि तिच्याबरोबरच पुढे ढकलले गेलो. अशी धक्के खात खात मी राणीच्या कुंडापर्यंत पोहोचले.

कुंड म्हणजे जमिनीत खोल गेलेला दगडी खड्डा. फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडा, दोन थर, आत उतरायला पायऱ्या. पाणी नाही. तळाला लोकांनी टाकलेली नाणी आणि कुणाची तरी केसांची पिन. वर कठडा, आणि कठड्याला टेकलेली शे-दीडशे माणसं. एक गाईड मुलगी कमरेला छोटा स्पीकर अडकवून सांगत होती. राणी किती गोरी, बादशहाचा जीव कसा तिच्यावर, आणि ती इतकी नाजूक की आंघोळ झाल्यावर तिला स्वतःहून उठवत नसे. दोन्ही बाजूंनी दासी तिला धरून वर आणत.

"काय नशीब असतं एकेकीचं!" माझ्या बाजूची एक मुलगी म्हणाली.

मी पायऱ्यांकडे बघत होते. ओला दगड, वर साबण नाहीतर तेल. दासीनं पाय कुठे रोवला असेल? एक पाय खालच्या पायरीवर हवा, दुसरा वर. मनगट धरून चालत नाही, मनगट निसटतं. काखेत हात घालून आपल्या छातीशी ओढायचं, आणि मग कमरेतून नाही, गुडघ्यातून उठायचं. हे मला पहिल्या दोन वर्षांत कुणी सांगितलं असतं तर माझी कंबर आज अशी नसती.

"उचलायची वेळ आली की कुणी नाजूक नसतं," मी म्हटलं. मला वाटलं मनातल्या मनात म्हटलं, पण मोठ्यानं निघालं. "ओलं माणूस दुप्पट जड होतं."

गाईड मुलीनं माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि बादशहाच्या कुंडाकडे चला म्हणाली. रुईमिननंही माझ्याकडे बघितलं.

बादशहाचं कुंडही कोरडंच होतं, फक्त मोठं. त्यानंतर रुईमिननं मला पोशाख भाड्यानं देणाऱ्या दुकानात ओढलं.

"एकदाच घाल ना वहिनी. हा हिरवा बघ. डोक्यावर हा सोनेरी मुकुट."

"नको."

"मी पण घालते. दोघी घालू."

"तू घाल. मी पिशवी धरते."

"तू कशालाच हो म्हणत नाहीस! डोंगरावर जायला नको, नावेत बसायला नको, पोशाख नको. मग आलीस कशाला?"

"तू आणलंस म्हणून."

दुकानदारीण मुकुट हातात धरून आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. रुईमिननं तिच्याकडे पाठ केली आणि तरातरा बाहेर निघाली. मी तिच्या मागे, पिशवी घेऊन. नऊ वर्षं मी कुणाच्या मागे चालले नव्हते, घरात चालायला जागाच नव्हती. आता मला एक पाय दुसऱ्याच्या पुढे टाकणं म्हणजे ओल्या रजया वाळत घालण्यासारखं वाटत होतं. एक झाली की लगेच दुसरी.

पाय शेकायची जागा बागेच्या टोकाला होती. लांबच लांब दगडी पन्हळ, तिच्यातून वाहणारं खरं गरम पाणी, दोन्ही बाजूंना लाकडी बाक. अर्ध्या तासाचं तिकीट. आम्हाला वीस मिनिटं थांबावं लागलं. मग जागा मिळाली, मी मोजे काढले, पाय आत सोडले, आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर करून बघितलं.

रुईमिनही पाय सोडून बसली. तिच्या पांढऱ्या चपला तिनं माझ्या बुटांशेजारी नीट जोडून ठेवल्या. पाण्याला थोडा गंधकाचा वास होता.

"वहिनी," ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"हं."

"शेवटी शेवटी आई माझं नाव घ्यायची का? दादाला विचारलं, तो म्हणाला रोज घ्यायची. पण तो मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतो."

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो म्हणणं खोटंही नव्हतं. पण पाय गरम पाण्यात गेले की अंगातला शीण वर वर चढायला लागतो, आणि माणसाला शब्द निवडायचं त्राण राहत नाही. मी सांगून टाकलं.

"घ्यायची. मला मिनमिन म्हणायची."

मिनमिन हे रुईमिनचं लहानपणचं नाव. आई सोडून कुणी तिला त्या नावानं हाक मारत नसे.

"तुला?"

"दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत सुरू झालं. सकाळी मी पेज घेऊन गेले, तर माझ्याकडे बघून म्हणाली, मिनमिन, आलीस? मी म्हटलं, आई, मी लामेई. तर तोंड फिरवलं. म्हणाली, लामेईच्या हातचं नको. दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. मग दुपारी परत तेच, मिनमिन आलीस? मी म्हटलं, हो आई, आले. वाटी संपवली."

रुईमिन पाण्याकडे बघत होती.

"मग रोजचंच झालं. आणि मिनमिनजवळ ती माझ्या तक्रारी करायची. ती लामेई मला उपाशी ठेवते. ती लामेई मला चिमटे काढते. माझ्या बांगड्या तिनंच विकल्या."

"विकल्यास?"

"त्या तुझ्या लग्नात तुलाच दिल्या होत्या की."

"हो," ती हळूच म्हणाली.

"आणि म्हणायची, मिनमिन, तू तिला चांगलं झाप. मग मी काय करणार? मी दाराबाहेर जायचे, जिन्यात उभी राहायचे, आणि मोठ्यानं ओरडायचे, लामेई! आईला जेवायला का नाही दिलंस? लाज नाही वाटत? खालच्या मजल्यावरची छुई बाई पहिल्या दिवशी घाबरून वर आली. तिला वाटलं घरात खरंच भांडण लागलंय."

रुईमिनला हसू फुटलं. हात तोंडावर ठेवून ती हसली, खांदे हलेपर्यंत. "मग? आई काय म्हणायची?"

"आत गेले की म्हणायची, बास बास, जास्त बोलू नकोस तिला. नाहीतर तू गेल्यावर पाणीसुद्धा द्यायची नाही."

ती आणखी हसली, आणि मग हसता हसता थांबली. "आणि मी काय सांगायचे तिला? म्हणजे तू. मी म्हणून."

"सुचेल ते."

"जसं?"

इथे मी थांबायला हवं होतं.

"की दुकान विकलं. आता इथेच राहणार. परत जाणार नाही."

"तू तिला सांगितलंस, मी परत जाणार नाही?"

"दोन दिवस जेवली नव्हती ती. ते ऐकल्यावर जेवली."

"आणि मी व्हिडिओवर दिसायचे तेव्हा? दर रविवारी?"

"तेव्हा मला विचारायची, ही बाई कोण?"

रुईमिनचा चेहरा मी अठ्ठावीस वर्षं ओळखते. लग्नात, बाळंतपणात, बापाच्या मरणात बघितलेला. असा कधी बघितला नव्हता.

"माझं नाव घेऊन," ती म्हणाली, "माझी आई घेतलीस तू."

"मग घ्यायचीस ना तू!" माझा आवाज चढला. "उचलून घ्यायचीस. सत्तावन्न किलो होती."

समोरच्या म्हाताऱ्यानं पाय बाहेर काढले आणि पुसायला लागला. रुईमिन उठली. ओले पाय तसेच जमिनीवर टेकवून ती चालायला लागली, चपला न घालता, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

मी तिच्या मागे जायला हवं होतं. मी ठरवलंही होतं. पण पाय पाण्यातून निघेनात. पुढचं आठवतं ते एवढंच की कुणीतरी माझा खांदा हलवत होतं.

"मावशी, वेळ संपली. मावशी! बरं वाटत नाही का?"

मी बसल्या बसल्या झोपले होते. समोर दुसरीच माणसं बसली होती. मी पाय पुसले, बूट घातले, रुईमिनच्या चपला हातात घेतल्या आणि तळ्याकाठच्या कट्ट्यावर जाऊन बसले. शोधायला गेले असते तर दोघी चुकलो असतो. खरं कारण म्हणजे माझ्यात चालायचं बळ नव्हतं.

ती पंधरा-वीस मिनिटांनी आली. फरशीच्या सावलीतल्या पट्ट्यांवरून, टाचा वर उचलत, पाण्यातल्या बगळ्यासारखी.

"दगड तापलेत," ती म्हणाली.

"घाल."

तिनं चपला घेतल्या, पण घातल्या नाहीत. माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. डोळे सुजले होते.

"दादानं मला हे कधीच सांगितलं नाही."

"त्याला माहीत नाही. तो घरी असला की मी जिन्यात जाऊन ओरडत नसे. लाज वाटायची."

"मला फोन करायचास."

"आणि काय सांगायचं? तुझी आई तुला ओळखत नाही, पण मला तू म्हणून ओळखते?"

तळ्यातले लाल मासे लोकांनी टाकलेल्या पावाच्या तुकड्यांवर एकमेकांच्या अंगावर चढत होते.

"मी तिकिटं काढायचे," ती म्हणाली. "काढायचे आणि रद्द करायचे. घरी आलं की तुझे हात सारखे चाललेले असायचे. मी कुठे हात घालू तेच कळायचं नाही. एकदा मी तिला पाणी पाजत होते, आठवतं? तिला ठसका लागला. तू धावत आलीस आणि माझ्या हातातून वाटी काढून घेतलीस."

"ठसका लागला होता म्हणून."

"हो. पण नंतर परत नाही दिलीस."

मला आठवत होतं. सहा वर्षांपूर्वीच्या वसंतोत्सवातली, नव्या वर्षाच्या सुट्टीतली गोष्ट. निळ्या फुलांची वाटी होती. मी ती काढून घेतली होती, आणि मनात म्हटलं होतं, चार दिवसांची पाहुणी, हिला काय जमणार. त्यानंतर रुईमिन पलंगाशी खुर्ची घेऊन नुसती बसायची, आणि मी तिच्यावर मनातल्या मनात चिडायचे की ही नुसती बसते.

"मी दमले होते गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"तू कायमच दमलेली असतेस, वहिनी. तुझ्याशी धड भांडतासुद्धा येत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. मला हसू आलं. ती हसली नाही, पण तिनं चपला घातल्या.

मग तिनं पर्समधून दोन तिकिटं काढली. संध्याकाळी त्याच तळ्यावर बादशहा आणि राणीचा मोठा नाच-गाण्याचा खेळ होता, शेकडो नर्तकी, पाण्यातून उठणारा रंगमंच. दोन दिवसांपूर्वीच काढून ठेवलेली महागाची तिकिटं. "हे तरी बघशील?" ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाली, "नाही बघायचंय तुला."

"नाही."

"मग तुला काय हवंय? सांग एकदा. मी तुला खरंच विचारतेय."

"झोप," मी म्हटलं. "आणि कंबर शेकायला कुठे मिळालं तर बरं."

दरबारी पोशाखातल्या दोन पोरी पुलावर एकमेकींचे फोटो काढत होत्या. रुईमिननं तिकिटं त्यांच्या हातात ठेवली. त्यांना आधी ती फसवणूकच वाटली. मग त्या इतक्या आनंदल्या की एकीच्या केसांतलं फूल तळ्यात पडलं.

फाटकाशी तोच पोट सुटलेला पहारेकरी होता. रुईमिन सरळ त्याच्याकडे गेली. "हजार वर्षांचा उशीर झाला म्हणालात. पण इथली माणसं कुठे जातात आंघोळीला?"

"इथली?" त्यानं टोपी मागे सारली. "जुन्या विश्रामधामाच्या मागच्या गल्लीत आंघोळीचं दुकान आहे. पाणी हेच, जमिनीखालून येतं. फक्त राणी नाही भेटायची."

"आम्हाला नकोच आहे राणी," रुईमिन म्हणाली.

दुकान साधं होतं. दारावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, आत वाफ, बायकांच्या बाजूला एक मोठा हौद आणि दोन पलंग, अंग घासून देण्याचे. पोहण्याचे कपडे पिशवीतच राहिले. तिथे कुणी कपडे घालून आंघोळ करत नाही. अर्धा तास मी मानेपर्यंत पाण्यात बसले. मग अंग घासणाऱ्या बाईनं मला हाक मारली. माझ्याच वयाची असेल, दंड खानावळीतल्या कणीक मळणारीसारखे. तिनं पलंगावर नवं प्लॅस्टिक अंथरलं, कोमट पाण्याची बादली ओतली, हातात खरखरीत पिशवीमोजा चढवला.

"आडव्या व्हा, ताई."

मी झाले. तिनं माझा डावा हात उचलायला घेतला.

"सोडा."

"सोडलाय."

"कुठे? तुम्हीच उचलताय. मग मी काय करू?"

मी प्रयत्न केला. ती उजवीकडे वळली, माझा उजवा हात तिच्या आधी वर आला. तिनं पाठीवर दोन थापा मारल्या, म्हणजे पालथं व्हायचं; मी तिला ओढावं लागू नये म्हणून इतक्या झटकन वळले की पलंगावरून घसरता घसरता वाचले.

"अहो! काय घाई आहे?"

"सवय आहे."

"कसली?"

"दुसऱ्याला उचलायची. घरात आजारी माणूस होतं."

"किती वर्षं?"

"नऊ."

तिनं मोजा घातलेला हात कमरेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "हे बघा ताई, इथे उचलायचं काम माझं आहे. दिवसाला तीस बायका उचलते मी. तुम्ही आपल्या मेल्यासारख्या पडून राहा."

शंभर दिवसांच्या सुतकातून आलेल्या माणसाला हे कुणी बोलतं का? पण मला इतकं हसू आलं की पोटात दुखायला लागलं, आणि हसता हसता कुठेतरी माझे हात ढिले झाले. ती घासत राहिली. मानेवरून, पाठीवरून, कमरेच्या त्या जागेवरून, जिथे मला स्वतःला हात लावता येत नाही. काळ्या वातींसारखा मळ निघाला. मला लाज वाटली नाही. मी सासूबाईंना असं घासत असे तेव्हा त्या रडायच्या, आणि मला वाटायचं मी त्यांना दुखवतेय. आता वाटलं, कदाचित दुखत नसेलही. पलीकडच्या पलंगावर रुईमिन आडवी होती आणि छताकडे बघत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "अजून एक सांग. मी आईला अजून काय म्हणाले?"

"आज नको."

"बरं."

पाच वाजता आम्ही जवळच्याच एका स्वस्त हॉटेलात खोली घेतली. येताना गल्लीच्या तोंडाशी रुंद पट्ट्यांच्या शेवया खाल्ल्या, तिखट तेल घातलेल्या. रुईमिनला तिखट सोसत नाही, तरी तिनं पूर्ण वाडगा संपवला आणि नाक पुसत राहिली. खोलीत गेल्यावर मी बूट काढले. पुढचं काही आठवत नाही. नऊ वर्षं मी दर दोन तासांनी उठायचे, आईंना कुशीवर वळवायला. त्या गेल्यावरही शंभर दिवस मी तशीच उठत होते, अंधारात उभी राहायचे आणि पलंग रिकामा बघून परत आडवी व्हायचे. त्या रात्री मी उठले नाही.

डोळे उघडले तेव्हा पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ भिंतीवर आली होती. रुईमिन खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन.

"किती वाजले?"

"बारा वाजून दहा."

मी ताडकन उठून बसले. "गाडी! साडेनऊची गाडी होती ना?"

"गेली. दुपारची घेतलीय, चारची. पड अजून."

"अगं, उठवायचंस ना! तू काही खाल्लंस का?"

"नाही."

"बाहेर जाऊन यायचं होतंस."

"दार फार करकरतं." तिच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा होता, तसाच न फोडलेला. मी त्याच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हा पण फार वाजतो."

उठून तिच्या हातातून पुडा घेतला, फोडला आणि परत तिच्या हातात दिला. तिनं दोन बिस्किटं एकदम तोंडात कोंबली. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. दुखत होतं, पण कालच्याइतकं नाही. मग आम्ही आवरलं आणि जेवायला बाहेर पडलो.